माळवदासारखा सपाट आलेख: वाळूजच्या शेडमधल्या एका आसन-चाचणीचं प्रकरण

मे महिन्यातली दुपार, वाळूज एमआयडीसीतली पत्र्याची शेड. लॅपटॉपच्या पडद्यावर १४.३ हा आकडा उमटला आणि मालकांनी लगेच पोराला चहाला पिटाळलं. मणक्याला बसणाऱ्या धक्क्याचा हा आकडा, मर्यादा १७.७ ची. म्हणजे आसन पास. चहा येईपर्यंत तो आकडा मला खटकायला लागला होता, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना.

कारखाना लहान. ट्रॅक्टरची आणि बसची आसनं बनवून मोठ्या कंपन्यांना पुरवायची, हा इतक्या वर्षांचा धंदा. मध्येच एका वाहन कंपनीकडून विचारणा आली: भूसुरुंगरोधक गाडीत जवानांसाठी धक्का पिणारं आसन बनवाल का? नमुना दाखवा, मग पुढचं बोलू. या आसनाची खरी परीक्षा स्फोटाचीच असते आणि ती फार महागात जाते. एकदा नापास झालेला लहान कारखानदार पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. म्हणून आधी घरच्या घरी आसन उंचावरून सोडून बघायचं ठरलं आणि मोजमापासाठी मला बोलावणं आलं. मी उपकरणांचा माणूस, स्फोटांचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

शेडमधल्या लोकांना हा विषय लांबचा नव्हता. जालना, हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात. इथल्या वेल्डरचा मेहुणा त्यातलाच. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले, तेव्हा दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ते पोलीस खासगी गाडीतून निघाले होते. वेल्डर हे सांगतो आणि पुन्हा काच डोळ्यांवर ओढून कामाला लागतो.

आसनाचं एवढं काय, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. गाडीचा तळ व्ही आकाराचा केला की स्फोटाचा जोर दोन्ही अंगांनी निसटतो. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीनं हे दाखवून दिलं, आणि तेलंगणात मेदकच्या आयुध निर्माणीत बनणाऱ्या आपल्या गाड्याही याच वळणाच्या. पण पत्रा शाबूत राहिला म्हणून आतला माणूस शाबूत राहतो असं नाही. तळ उसळतो तो पहिल्या दोन-चार मिलीसेकंदांत, आणि त्यावर टेकवलेले पाय तेव्हाच मार खातात. मग धक्का आसनातून कमरेत चढतो, त्याला आणखी दहा-वीस मिलीसेकंद. मग गाडी अंगानिशी उचलली जाते आणि थोड्या वेळानं खाली आदळते. पाय आणि कमरेचं जे व्हायचं ते पापणी लवायच्या आत झालेलं असतं. माणूस सावरून बसेल, कशाला तरी धरेल, हा हिशेब इथे चालतच नाही. जे करायचं ते आसनानं.

१७.७ ची गोष्ट

या आकड्याचा जन्म रणगाड्यात झालेला नाही, विमानात झाला. लढाऊ विमानातून वैमानिक आसनासकट बाहेर फेकला जातो तेव्हा त्याचा मणका किती सोसेल, हे ठरवायला अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी माणसाला एक वजन, एक स्प्रिंग आणि हेलकावे जिरवणारा एक डॅम्पर एवढ्यावर आणून ठेवलं. स्प्रिंगच्या हेलकाव्याची चाल सेकंदाला ५२.९ रेडियन, डॅम्पिंग ०.२२४. आसनावर मोजलेला प्रवेग या कागदी माणसाला द्यायचा, स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबली ते काढायचं आणि त्यावरून निर्देशांक काढायचा. तो १७.७ आला तर मणक्याला मध्यम किंवा त्याहून मोठी इजा व्हायची शक्यता साधारण दहा टक्के. नाटोच्या सुरुंग-चाचणीच्या पद्धतीतही हीच मर्यादा आली.

कागदी माणूस फार साधा आहे, पण त्याच्याशी खेळून बघण्यासारखं आहे. मी गणित करून पाहिलं: कठीण पाट्यावर ताठ बसलेला माणूस पाट्यासकट जेमतेम एक मीटरवरून खाली आदळला की निर्देशांक १७.७ ला टेकतो. एक मीटर! आपल्याकडे पोरं बैलगाडीच्या साटीवरून याहून जास्त उंचीच्या उड्या मारतात. फरक एवढाच की त्यांचे गुडघे वाकतात. खुर्चीत पट्ट्यानं बांधलेल्याचे वाकत नाहीत.

आम्ही उंची धरली दीड मीटर. दोन आय-गर्डर उभे केले, त्यांच्यात सरकणारा पाळणा, वर चेन ब्लॉक, मध्ये झटक्यात सुटणारा हूक. पाळण्यात आसन, आसनावर ७५ किलोची वाळूची पोती. आसनाखाली एक पोलादी पट्टी दोन-तीन रुळांमधून ओवलेली. आसन खाली बसायला लागलं की पट्टी वाकत वाकत ओढली जाते आणि जवळपास एकसारखा विरोध करते. ७५ किलोला हा विरोध १२ जी, म्हणजे वजनाच्या बारा पट, एवढा पडेल अशी तिची रुंदी ठरवलेली. आसनाला खाली सरकायला जागा १०० मिलीमीटर, तिच्या टोकाला रबरी स्टॉपर. प्रवेग मोजायला आसनाच्या पाटाखाली एक सेन्सर: फोनमध्ये, खेळण्यातल्या ड्रोनमध्ये असतो त्या जातीचा, १६ जीपर्यंत मोजणारा, सेकंदाला हजार नोंदी घेणारा.

तो सेन्सर मीच पसंत केला होता. १२ जी अपेक्षित आहे, १६ चा सेन्सर पुरेल, असा हिशेब. म्हणजे जे घडायला हवं त्याच्या मापानं मी सेन्सर घेतला होता.

चोरीला गेलेला वेग

चहा झाल्यावर औशाच्या पोराला म्हटलं, आलेख मोठा करून दाखव. हे पोर डिप्लोमा झालेलं, लॅपटॉप त्याच्याच ताब्यात.

"सर, आकडा तर चौदा दाखवायलाय की. काय राहिलं आता?"

आलेखात आधी १२ च्या आसपास एक पायरी, मग उडी, मग १६ वर सरळ आडवी रेघ, सात-आठ मिलीसेकंदांची, पट्टीनं ओढावी तशी. मग उतार. खटकत होतं ते हेच. धक्क्याचा आलेख डोंगरासारखा असतो. त्याला शेंडा असतो, बोथट का होईना. इथे शेंड्याच्या जागी आमच्याकडच्या जुन्या घरांचं माळवद होतं, सपाट. निसर्ग माळवद बांधत नाही. ते सेन्सरनं बांधलं होतं. १६ च्या पुढचं त्याला दिसतच नव्हतं आणि जे दिसत नाही ते तो १६ म्हणूनच लिहीत होता.

पण संशयावर अहवाल लिहिता येत नाही. ताळा करायला अकरावीचं गणित पुरलं. दीड मीटरवरून पडलेली वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो. आसन थांबलं म्हणजे तो सगळा वेग संपला. प्रवेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे संपलेला वेग. गुरुत्वाकर्षणाचा बारीक हिस्सा वजा केला की ते किमान ५.४ भरायला हवं. पोरानं क्षेत्रफळ काढलं. ३.८.

"मग बाकीचा कुठं गेला?" मालकांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. सेकंदाला १.६ मीटर वेग आमच्या वहीत कुठेच जमा नव्हता. तो माळवदाच्या वर गेला होता, जिथे आम्ही बघतच नव्हतो.

दोन शक्यता होत्या. एक, सेन्सर ज्या दुहेरी चिकटपट्टीनं लावला होता ती उन्हानं मऊ पडली असेल. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हात लावलं तरी चटका बसतो. दुसरी, आसन पूर्ण खाली बसून स्टॉपरवर आदळलं असेल. दुसरीचा निकाल लावायला सेन्सर लागत नाही. कॅन्टीनमधून कणकेचा लिंबाएवढा गोळा मागवला, स्टॉपरच्या रबरावर ठेवला, नवी पट्टी ओवली आणि आसन पुन्हा सोडलं. पाळणा वर घेऊन खाली वाकून बघतो तर कणीक पापडाएवढी पातळ झालेली, आणि तिच्यावर रबराच्या रेघा उमटलेल्या. कडेला पाटाच्या खालच्या बाजूचा राखाडी प्रायमर रुपयाच्या नाण्याएवढा उडाला होता, आतलं लोखंड चकचकत होतं. हा डाग पहिल्या चाचणीतही पडला असणार. आम्ही सगळे लॅपटॉपकडे बघत होतो.

पुण्यातल्या एका मित्राकडून ५०० जीचा सेन्सर उसना आणला. तो चिकटपट्टीनं न लावता लोखंडी ठोकळ्यावर स्क्रूनं आवळून बसवला, नोंदी सेकंदाला दहा हजार. आता डोंगर दिसला: १२ ची पायरी, साधारण २४ मिलीसेकंदांनी स्टॉपरवर आपट, आणि ५६ जीचा शेंडा. क्षेत्रफळ ५.४. निर्देशांक १९.८.

मालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, पहिला आकडासुद्धा मशीननंच दिला होता ना? आपण काही घरी बसून लिहिला नव्हता." यात लबाडी नव्हती. पहिला अहवाल गेला असता तर कुणाला कळलंही नसतं, निदान खरा स्फोट होईपर्यंत. तो गेला नाही याचं श्रेय त्यांचं. माझ्या हातात फक्त ताळा होता.

मेजर

हवी ती जागा गणितानं सांगितली. ५.४ चा वेग १२ जीनं संपवायचा तर आसनाला १३५-१४० मिलीमीटर खाली बसायला मिळालं पाहिजे. १०० मध्ये ते भागणारच नव्हतं. हे आधी का कुणी मोजलं नाही, तर ट्रॅक्टरच्या आसनाचा सांगाडा तयार होता आणि त्यात १०० च बसत होते. नवा सांगाडा केला, १४० ची जागा दिली, निर्देशांक आला १७.१. काठावर, पण पास. आसन चार सेंटीमीटर उंच झालं म्हणजे हेल्मेट घातलेलं डोकं छताच्या तेवढंच जवळ गेलं, ही वेगळी कटकट. ती गाडीवाल्यांशी भांडून सोडवायची.

प्रकरण इथे संपलं असतं. ते वाढलं गेटवरच्या सुरक्षारक्षकामुळे. हा आष्टी तालुक्यातला माणूस, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. ट्रेनिंग नगरला, मग नोकरीभर बीएमपी, म्हणजे पायदळाची चिलखती गाडी, चालवली. बीडकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, इथेही सगळे मेजर म्हणत. जेवणाच्या सुट्टीत ते पाळण्याजवळ आले, पोत्यांना हात लावून म्हणाले, "साहेब, हे किती किलोचं?"

"पंचाहत्तर."

"आन् बुलेटप्रूफ? मॅगझिना, पाण्याची बाटली, हेल्मेट? समदं चढवल्यावर गडी शंभराला जातोय. आन् आमच्यात पंचावन किलोचं पोरगंबी होतं, ते आत शिरायला बेस म्हनून त्यालाच पुढं घालायचे."

हे ऐकून मी जेवण अर्धवट टाकून वही काढली. या प्रकरणातला सगळ्यात मोठा घोळ सेन्सरचा नव्हताच, तो इथे होता. पट्टीचा विरोध ठरलेला आहे. तिला वर कोण बसलंय ते कळत नाही. तेवढाच विरोध ७५ किलोला १२ जी पडतो, १०० किलोला ९ जी आणि ५५ किलोला १६ च्या थोडा वर. शंभर किलोवाला हळूहळू थांबतो म्हणून त्याला जवळजवळ १९० मिलीमीटर जागा लागेल. १४० मध्ये तो स्टॉपरवर आदळणारच. पंचावन्नवाला १०० मिलीमीटरच्या आतच थांबेल, स्टॉपरला शिवणारही नाही, पण इतक्या कडक थांबेल की त्याचा निर्देशांक १९ च्या वर जाईल. म्हणजे जडाला आपट आणि हलक्याला झटका. आसन फक्त मधल्या माणसासाठी पास होतं, आणि तो मधला माणूस म्हणजे वाळूचं पोतं.

पोती कमीजास्त करून सोडून पाहिलं. गणितानं सांगितलं तसंच झालं, हलक्याच्या बाबतीत तर थोडं वाईटच.

काही हेलिकॉप्टरांच्या आसनांना बसणाऱ्याचं वजन लावायची सोय असते. मी ते सुचवलं. मेजर हसले. "साहेब, बाहेर फायरिंग चालू झाल्यावर धा जन गाडीत घुसतेत. खुटी कोन फिरवनार? बसायची जागाबी आपली नसती." त्यामुळे तो नाद सोडला. आता जी पट्टी करतोय ती सुरुवातीला अरुंद आणि पुढे रुंद होत जाते. हलका माणूस अरुंद भागातच थांबतो, जड माणूस रुंद भागापर्यंत जातो आणि तिथे जास्त विरोध मिळतो. शंभर किलोचा आकडा अजून १७ आणि १८ च्या मध्ये घुटमळतोय. शिवाय गाडी उडून पुन्हा खाली आदळते तेव्हा पट्टी आधीच खर्ची पडलेली असते. दुसऱ्या धक्क्यासाठी खाली काहीतरी शिल्लक ठेवायचं तर १४० मधले किती राखायचे, यावर मालकांचं आणि माझं अजून एकमत नाही.

मेजरांनी आणखी एक विचारलं. पोती ठीक, पण खऱ्या गाडीत खरा जवान बसलेला असताना कुणी हे मोजलंय का? मोजलंय. २०१२ मध्ये अमेरिकी लष्करानं अफगाणिस्तानात जॉर्जिया टेकच्या संशोधन संस्थेनं बनवलेली एक यंत्रणा पाठवली. काही सेन्सर जवानाच्या अंगावर, काही गाडीच्या सांगाड्यावर आणि आसनांवर, म्हणजे स्फोट झाला की गाडीला काय बसलं आणि आतल्या माणसापर्यंत काय पोचलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. त्याच सुमारास अंगावर लावायची छोटी स्फोटमापक बटणंही आली, डोक्याला, खांद्याला आणि छातीला एकेक. बटण दाबलं की हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो. कारण सरळ आहे: स्फोटानंतर उभा राहिलेला, बोलणारा जवान ठीकच आहे असं बाहेरून वाटतं, आणि डोक्याला बसलेला मार रक्त काढत नाही.

"लाल लागला तरी म्हननार, काय झालं नाय मला," मेजर म्हणाले. "म्हागं राहायला कुनाला आवडतं?" म्हणूनच दिवा आहे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून की नाही ते कळलं नाही.

मोठ्या चाचण्यांत पोत्याच्या जागी पुतळा बसवतात, हायब्रिड थ्री नावाचा. तो मोटारींच्या समोरासमोरच्या टकरीसाठी घडवलेला. खालून वर येणाऱ्या धक्क्यात त्याचे पाय आणि कणा माणसासारखे वागत नाहीत, म्हणून अमेरिकी लष्करानं पुढे खालून होणाऱ्या स्फोटांसाठी वेगळा पुतळा तयार करायला घेतला. आमच्या पोत्याला तर पायच नव्हते. आणि पाय हे आमचं न उघडलेलं पान. निर्देशांक कमरेबद्दल सांगतो, टाचेबद्दल अवाक्षर काढत नाही. तळ उसळतो तेव्हा पाय जर तळावर टेकलेले असतील तर आसन कितीही मऊ बसलं तरी नडगी फुटते. नाटोच्या पद्धतीत नडगीच्या खालच्या भागाला ५.४ किलोन्यूटनची मर्यादा आहे. ढोबळ साडेपाचशे किलोचा भार, एका पायावर. यावरचा उपाय जुनाच: पाय तळावर टेकवायचेच नाहीत, आसनालाच लोंबणारी पायटेक द्यायची.

मालकांनी तशी पायटेक वेल्ड करून घेतली आहे. मेजरांनी ती बघितली, खुर्चीत बसून पाय ठेवून पाहिले आणि अर्ध्या मिनिटात पाय खाली सोडले. त्यांना विचारलं, का सोडले? त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. गुडघे आखडतात, म्हणाले. आठ तासांच्या गस्तीत कोण पाय वर धरून बसेल. पायटेक दोन इंच खाली घेतली, पुढे सरकवली. तरी पाय खालीच.

म्हणून येत्या शनिवारी पाळण्याच्या तळाशी एक वेगळी पोलादी पाटी बसवतोय, तिच्याखाली भार मोजणारे दोन लोडसेल, प्रत्येकी दोन टनाचे. पाय लाकडाचे करणार आहोत, बाभळीच्या दांडक्यांचे, गुडघ्याला बिजागरी. एक जोडी पायटेकीवर, दुसऱ्यांदा तीच जोडी तळावर. बूट मात्र खरे हवेत, तळव्याची जाडी मोजमापात येते. मेजर गावाहून त्यांचे जुने बूट आणणार आहेत. नऊ नंबर.